ऊस मऊ केला, तर उभा राहील का?



मागच्या शेतकी मेळाव्यात चहापान चालू असताना एका जुन्या सभासदाने आम्हाला बाजूला घेतले. सगळी वस्ती त्यांना आबा म्हणते, आम्हीही आबाच म्हणतो. त्यांचा नातू शेतकी महाविद्यालयात शिकतो. त्याने घरी काहीतरी सांगितले होते. आबा म्हणाले, "साहेब, पोरगं म्हणतंय, तिकडं अमेरिकेत ऊस आतनं मऊ करायल्यात. त्याच्या चिपाडापासनं इंधन काढणार म्हणं. मला एवढंच सांगा, मऊ केलेला ऊस रानात उभा राहतोय का?"

प्रश्न साधा, पण उत्तर आमच्या खिशात नव्हते. "पत्रिकेत लिहितो" असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. आमची शेतकी पदविका जुनी, त्या वेळी जनुकशास्त्राचा धडा चार पानांचा होता. मग वाचले, जाणकारांना विचारले, बॉयलर विभागातल्या मंडळींना त्रास दिला. त्यातून जे हाती लागले ते खाली देत आहोत.

लिग्निन म्हणजे काय?

उसाची कांडी दाताने सोलताना जी कडक साल लागते, आणि चावून झाल्यावर तोंडात जो चोथा उरतो, त्याला ताठपणा देणारे एक द्रव्य म्हणजे लिग्निन. लाकडाला लाकूडपण येते ते याच्यामुळे. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीला भिंत असते. स्लॅब टाकताना आपण आधी सळ्या बांधतो आणि मग काँक्रीट ओततो, तसे या भिंतीत सेल्युलोजचे धागे म्हणजे सळ्या, हेमिसेल्युलोज म्हणजे सळ्या बांधणारी तार, आणि लिग्निन म्हणजे त्यांच्याभोवती घट्ट बसलेले काँक्रीट. कोरड्या बगॅसमध्ये साधारण चाळीस ते पंचेचाळीस टक्के सेल्युलोज, पंचवीस-तीस टक्के हेमिसेल्युलोज आणि वीस ते पंचवीस टक्के लिग्निन असते.

लिग्निनचे दुसरे काम पाण्याचे. मुळाने ओढलेले पाणी दहा-बारा फूट वर शेंड्यापर्यंत ज्या नळ्यांतून जाते, त्या नळ्यांना आतून लिग्निनचे अस्तर असते. पाणी वर खेचले जाताना नळी आत दबू पाहते. अस्तर पातळ पडले तर सक्शन पाईप आत बसावा तशी नळी बसते, आणि शेंड्याला पाणी कमी पडून वाढ खुंटते. पुढे हीच गोष्ट कामाला येणार आहे.

येथे एक घोटाळा दूर करू. आपण उसाचा 'फायबर' म्हणतो ते वेगळे आणि लिग्निन वेगळे. शंभर किलो उसात बारा ते पंधरा किलो तंतू असतो. त्या तंतूचा चौथा-पाचवा हिस्सा म्हणजे लिग्निन. तंतू तेवढाच ठेवून त्यातले लिग्निन थोडे कमी करता येते, आणि शास्त्रज्ञांचा खटाटोप नेमका तेवढाच आहे.

मऊ उसाचा अनुभव आपल्याकडे नवा नाही. म्हाताऱ्या मंडळींना पुंड्या ऊस आठवत असेल. जाड, रसाळ, पोरेसोरे दाताने सोलून खात. पण कोल्ह्यांनाही तो तितकाच आवडायचा, आणि राखणीला माणूस ठेवल्याशिवाय फड हाती लागत नसे. पुढे कोइमतूरच्या केंद्राने गोड उसाचा रानटी काशगवताशी संकर करून जे वाण दिले, त्यांत काटकपणा आला. ४१९ आला, ७४० आला, ८६०३२ आला. म्हणजे शंभर वर्षे आपण ऊस दणकट करण्याच्या मागे होतो, आणि आता कोणी त्याचे काँक्रीट पातळ करू म्हणतो. आबांना शंका आली यात नवल नाही.

पातळ करायचे कशासाठी?

सेल्युलोज ही मुळात साखरच, पण साखळीत अडकवून ठेवलेली. ती सुटी केली की यीस्ट तिचे इथेनॉल करते. मळीपासून किंवा रसापासून इथेनॉल करणे सोपे, कारण तिथे साखर मोकळी असते. बगॅस, पाचट, भाताचा पेंढा यांच्यातली साखर लिग्निनच्या काँक्रीटमागे दडलेली असते. तिला आधी आम्ल, वाफ यांचा मारा करावा लागतो, मग विकरे म्हणजे एन्झाइम घालावी लागतात, आणि ही विकरे महाग असतात. हरियाणात पानिपत येथे इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. त्याचे तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचे. ब्राझीलमध्ये पिरासिकाबा येथे बगॅसपासून असे इथेनॉल काढले गेले आहे. सगळीकडे डोकेदुखी एकच, दडलेली साखर स्वस्तात मोकळी कशी करायची? त्यावर काहींनी विचार केला की यंत्रसामग्री बदलण्याऐवजी पीकच बदलले तर?

निसर्गाने हा प्रयोग पूर्वीच केला आहे. १९२४ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या शेतावर मक्याची काही झाडे अशी निघाली की पानाची मधली शीर पांढरी असण्याऐवजी तपकिरी. त्यांत लिग्निन कमी होते. पुढे पर्ड्यू विद्यापीठात १९७८ साली रसायनांचा वापर करून ज्वारीतही अशी तपकिरी शिरेची झाडे काढली. हा चारा जनावराच्या पोटात चांगला पचतो, दूध वाढते. आपल्याकडे मालदांडीचा कडबा जनावर आवडीने खाते आणि दुसरा दावणीत तसाच पडतो, हे कोणाला सांगायला नको. पण या तपकिरी शिरेच्या वाणांबद्दल तक्रारही पहिल्यापासून आहे. उत्पन्न थोडे कमी, आणि वाऱ्याने पीक झोपण्याची भीती जास्त. आबांचा प्रश्न मक्याच्या शेतकऱ्यांनी आधीच विचारून ठेवला होता म्हणायचा!

लसूणघासात तर जनुक बदललेला कमी लिग्निनचा वाण अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१४ साली मोकळा केला. लसूणघास फुलावर आला की दांडे राठ होतात, म्हणून कापणीची घाई करावी लागते. नव्या वाणात ती घाई काही दिवस पुढे ढकलता येते.

बेल्जियम आणि फ्रान्समध्ये पॉपलरच्या झाडांवर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. लिग्निन फार कमी झालेल्या लाकडापासून इथेनॉल दीडशे टक्क्यांहूनही जास्त वाढले, पण झाडेच खुरटी राहिली. खुरट्या झाडाचे भरपूर इथेनॉल काय कामाचे?

फ्लोरिडाचा ऊस

उसावरचे मुख्य काम फ्लोरिडा विद्यापीठात प्रा. फ्रेडी आल्टपीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. लिग्निन तयार होण्याच्या वाटेवर एक विकर लागते, त्याचे लांबलचक नाव सोडून सगळे 'कॉम्ट' म्हणतात. मक्याच्या तपकिरी शिरेच्या एका प्रकारात बिघडलेले जनुक हेच. त्यांनी उसात ते दाबले.

दाबले म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. गट कार्यालयात उसाच्या नोंदीचे रजिस्टर असते. रजिस्टरवरून तोडणीची चिठ्ठी निघते, आणि चिठ्ठी टोळीच्या मुकादमाच्या हातात पडल्यावर कोयता चालतो. पेशीचेही तसेच आहे. जनुक म्हणजे रजिस्टरातली नोंद, तिची निघते चिठ्ठी, आणि चिठ्ठीप्रमाणे विकर बनते. पहिल्या पद्धतीत नोंदीला हात लावला नाही, निघालेल्या चिठ्ठ्या वाटेतच फाडल्या. सगळ्या फाटत नाहीत, काही पोचतात. २०१२ मध्ये बंदिस्त जागेत वाढवलेल्या उसाचे आकडे आले. लिग्निन सुमारे ४ टक्क्यांपासून जवळजवळ १४ टक्क्यांपर्यंत कमी झाले होते.

परंतु बंदिस्त जागेतला ऊस आणि रानातला ऊस यांत फरक असतो. म्हणून आम्हाला २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले शेतातील चाचणीचे निष्कर्ष अधिक मोलाचे वाटतात. सभासदांनी पुढचे दोन आकडे जरा थांबून वाचावेत.

ज्या ओळींत लिग्निन ६ टक्के कमी झाले, त्यांच्या तंतूतून १९ ते २३ टक्के अधिक साखर सुटली, आणि ऊस मात्र तसाच राहिला. उंची, जाडी, फुटवे, एकूण वजन, ब्रिक्स, कशातही लक्षात घेण्याजोगा फरक नाही. ज्या ओळींत लिग्निन ८ ते १२ टक्के कमी झाले, त्यांतून २८ ते ३२ टक्के अधिक साखर सुटली, पण उसाचे वजन घटले. सहावर सगळे ठीक, आठच्या पुढे गेले की वजन गेले. वर सांगितलेली पाण्याची नळी आठवा.

(हे ६ टक्के म्हणजे असलेल्या लिग्निनचे सहा टक्के. वीस किलो लिग्निन असेल तर सव्वा किलो कमी. एवढ्याशा फरकाने विकरांचा खर्च तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो असे त्या चाचणीत दिसले. आम्हाला प्रथम छपाईची चूक वाटली होती.)

नंतर त्यांनी दुसरी पद्धत घेतली. चिठ्ठ्या फाडत बसण्याऐवजी रजिस्टरातली नोंदच खोडायची. त्यासाठी जनुकाच्या नेमक्या जागी कापणारी कात्री वापरतात. पण उसाचे दप्तर फार अवघड! भातात एका नोंदीच्या दोन प्रती असतात. उसात शंभरावर गुणसूत्रे, आणि या एकाच जनुकाच्या निरनिराळ्या १०९ प्रती त्यांना मोजता आल्या. २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केले की एका ओळीत १०९ पैकी १०७ प्रती खोडल्या गेल्या, साखर सुटण्याचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांपर्यंत वाढले, आणि उसाचे वजन लक्षणीय घटले नाही. हा आकडा सहा-आठच्या हिशेबात बसत नाही. म्हणजे किती कमी केले याइतकेच, कसे आणि कुठे कमी केले हेही महत्त्वाचे दिसते. आम्ही तरी एका ओळीवर उडी मारणार नाही. बेण्याची एक चांगली मोळी पाहून सगळे रान मोडणारे सभासद आम्ही पाहिले आहेत.

बॉयलरचा हिशेब

हे वाचल्यावर आमच्या मनात पहिली भीती आली ती बॉयलरची. एक टन ऊस गाळला की अडीचशे ते तीनशे किलो बगॅस निघतो, आणि त्याच्यावर कारखान्याची वाफ आणि सहवीजनिर्मिती चालते. लिग्निन हे तर बगॅसमधले सर्वांत चांगले जळण. किलोला साधारण सहा हजार किलोकॅलरी, तर सेल्युलोज चार हजारांच्या जरा वर. मग लिग्निन कमी केलेला बगॅस जाळून वाफ उतरणार नाही का?

बॉयलर विभागात बसून कागदावर मांडले. लिग्निन १२ टक्के कमी झाले असे धरले तरी कोरड्या बगॅसमागे दोन-अडीच टक्के लिग्निनच्या जागी सेल्युलोज येते. उष्णता किलोमागे चाळीस-पन्नास किलोकॅलरीने उतरते, म्हणजे शेकडा एक. तिथल्या एका अनुभवी फोरमननी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, मिलवर पाणी जरा जास्त झालं आणि बगॅस एक टक्का ओला आला, तर यापेक्षा जास्त मार बसतो. तो रोज बसतो." आमची भीती तिथे संपली. शिवाय बगॅसपासून इथेनॉल काढले तरी लिग्निन वाया जात नाही. ते शेवटी गाळ म्हणून उरते आणि वाळवून जाळता येते. बॉयलरला खरा प्रश्न वेगळा आहे. बगॅस डिस्टिलरीकडे गेला, तर वाफेला काय जाळायचे? त्याचा लिग्निनशी संबंध नाही, तो कारखान्याच्या ताळेबंदाचा भाग आहे.

वजन कोणाच्या काट्यावर घटणार?

आता आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट. तिच्याबद्दल आम्हाला त्या शास्त्रीय निबंधांत एक ओळ सापडली नाही, आणि सापडायला नकोच होती, कारण तो त्यांचा विषय नव्हे.

सभासदाला पैसे मिळतात ते उसाच्या वजनावर आणि उताऱ्यावर. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा. बगॅसमधली साखर किती सहज सुटते याला त्या दरात कुठेही रकाना नाही. समजा असा वाण आला, त्याचे लिग्निन आठ-दहा टक्क्यांनी कमी, डिस्टिलरीचा तीस टक्के फायदा, आणि सभासदाच्या शंभर टनांचे पंच्याण्णव झाले. पाच टनांचे १७,७५० रुपये सभासदाच्या बिलातून गेले. विकरांवर वाचलेले पैसे मात्र कारखान्याच्या खात्यात जमा. सहकारी कारखान्यात दोन्ही खाती शेवटी आपलीच, असे सभेत म्हणता येते. आम्ही कारखान्याचे नोकर आहोत, तरी बिलावरचा आकडा सभासदाला आधी दिसतो हे आम्हाला माहीत आहे.

आणि लोळण्याचे नुकसान तर या हिशेबात धरलेलेच नाही. ते काय असते हे आम्ही स्वतः भोगले आहे. आमच्या घरच्या दीड एकर आडसालीला आम्ही एका साली युरियाचा हात सैल सोडला आणि मोठी बांधणी पंधरा दिवस लांबवली. दुसऱ्यांना वेळेवर बांधणी करा म्हणून गावोगाव सांगत फिरत होतो, आणि घरचे राहिले! भाद्रपदातल्या एका रात्रीच्या वादळी पावसाने सगळा फड आडवा झाला. उंदरांनी खालच्या कांड्या पोखरल्या, जमिनीला टेकलेल्या डोळ्यांना पांगशा फुटल्या. टोळीने जादा पैसे मागितले ते द्यावे लागले. वजन तर गेलेच. त्या वाणात लिग्निनची काही कमतरता नव्हती. उभे राहणे हे मुळ्या, भर, खत, वारा या सगळ्यांच्या हातात असते. फक्त जिथे आधीच एवढे धोके, तिथे आणखी एक घेताना आधी मोजून घ्यावा, एवढेच आमचे म्हणणे.

म्हणून असा ऊस कधी चाचणीला आलाच, तर तो पाडेगाव किंवा मांजरीच्या केंद्रात पावसाळ्यातून उभा राहिलेला, खोडव्यातही वजन टिकवलेला पाहिजे, आणि कमीपणा सहा टक्क्यांच्या आसपास थांबवलेला असला तर आम्हाला बरे वाटेल. आणि त्याच वेळी दराच्या कागदावर बगॅसचा रकाना उघडावा, ही मागणी सभासदांनी वार्षिक सभेत जरूर मांडावी.

तो इथे येईल का?

लवकर नाही. आपल्या देशात जनुक बदललेले एकच पीक शेतकऱ्याच्या हाती अधिकृतपणे आले, २००२ सालचा बीटी कापूस. बीटी वांगे २०१० मध्ये थांबवले गेले. मोहरीचा वाद २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींच्या वेगवेगळ्या निकालांपर्यंत गेला. परदेशात ऊसही मागे नाही. ब्राझीलने खोडकिडीला तोंड देणारा बीटी ऊस २०१७ मध्ये मंजूर केला. पण लिग्निन कमी केलेला ऊस अजून प्रयोगाच्या वाफ्यातच आहे.

२०२२ मध्ये केंद्राने एक सवलत दिली. नुसती कात्री चालवून नोंद खोडली असेल आणि पिकात बाहेरचे जनुक उरले नसेल, तर जुने कडक नियम लागू नाहीत. मे २०२५ मध्ये भाताचे दोन वाण या वाटेने जाहीर झाले. मग उसाचे काय? इथे ऊस आडवा येतो. भातात कात्री आत सोडून काम झाले की पुढच्या पिढीत बी करताना कात्रीचे जनुक नसलेली रोपे निवडून घेता येतात. ऊस आपण बियाने लावत नाही, बेण्याने लावतो. टिपरीत जे आहे तेच पुढच्या टिपरीत. कात्री आत गेली की आतच राहिली, आणि तुऱ्याचे बी करून काढायला जावे तर मूळ वाणच हातचा जातो, शेकडो निराळी रोपे निघतात. याच्यावर तोड शोधणे चालू आहे, पण ते काम कठीण आहे.

हे सगळे आम्ही परवा आबांच्या वस्तीवर बसून सांगितले. नातूही होता, त्याने दोन ठिकाणी आम्हाला दुरुस्त केले, ती दुरुस्ती वर घेतली आहे. आबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे सहा टक्क्याचा उभा राहतोय."

आम्ही म्हटले, "फ्लोरिडात राहिला."

"मग त्यातली एक मोळी आणा की, बांधाकडनं लावून बघू."

परवानगीशिवाय असे बेणे आणणे गुन्हा आहे, हे आम्ही समजावून सांगितले. आबा हसले. "बरं, राहू द्या. माझ्या चार एकर खोडव्याला पहारीनं खत टाकायचं राहिलंय, त्याला तुमचा माणूस कधी धाडताय ते सांगा."

गुरुवारी सकाळी आमचा माणूस आबांच्या रानात येणार आहे. शेजारच्या ज्या सभासदांना पहारीने खत देण्याची पद्धत पाहायची असेल त्यांनी आठ वाजेपर्यंत यावे, पहार ज्याची त्याने आणावी.